शंभर कंठांतली भीती

दिवाळी उरकली की वापीच्या रस्त्याकडेला उंबाडियोची मडकी उपडी पडू लागतात. आत पापडी, कंद, रताळी, रानातला वासाचा पाला. बाहेर काटक्या-गोवऱ्यांचा जाळ. थंडीत तो धूर वर जात नाही. भाताच्या कापलेल्या खुंटांवरून, कारखान्यांच्या भिंतींना वळसा घालून जमिनीलगत सरपटत येतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सिल्वासातल्या घराघरांत शिरतो. शेजारणी म्हणतात, आला बाई हिवाळा! मी खिडकी लावून घेते. साडेपाच ही आमच्या तालमीची वेळ होती.

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. मी तो निवू दिला नाही, असं म्हणणं जास्त खरं. दर हिवाळ्यात मी त्याला गोधडीसारखा बाहेर काढते, उन्हात घालते, झटकते आणि पुन्हा घडी करून ठेवते. त्याची ऊब मला पुरते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. गुहागरकडची मी इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला आले, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, आणि वडील गेल्यावर आईलाही इकडे घेऊन आले. माझा धाकटा भाऊ दिनकर, आमचा दिना, माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो पलटणीत भरती झाला होता. आपलं सैन्य लंकेत गेलं, त्यात त्याचीही तुकडी गेली. एका ऑक्टोबरात, इथे भात पिवळं पडत असताना, शाळेत तार आली. मी फळ्यावर विभक्तीचे प्रत्यय लिहीत होते. शिपाई दारात उभा राहिला आणि आत येईना, तेव्हाच मला कळलं.

पाठोपाठ त्याच्या साहेबांचं पत्र आलं. शौर्यानं लढला, क्षणात गेला, यातना झाल्या नाहीत. आईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. पण दिनाचं स्वतःचं एक पत्र आधीच माझ्याकडे आलं होतं, शाळेच्या पत्त्यावर, मरायच्या तीन आठवडे आधी लिहिलेलं. आईला तो वेगळी पत्रं लिहायचा: इथे नारळ खूप आहेत, अगदी आपल्यासारखं आहे. मला लिहिलं होतं, "ताई, मला भीती वाटते. बुटात सतत पाणी, पाय कुजलेत. झाडाआडून कोण बघतंय कळत नाही. काल एका माणसाला मारलं, तो माणूस होता की पोरगा तेही नीट दिसलं नाही. मला घरी यायचंय. आईला हे सांगू नको." मी सांगितलं नाही. कपाटात, साड्यांच्या तळाशी ते पत्र ठेवलं आणि आईच्या समोर चेहरा निर्विकार ठेवायला शिकले.

शाळेत संगीताला देवस्थळी सर होते. मुंबईहून आलेले, पन्नाशीचे, एकटे. लांब पांढरी बोटं, आणि बोलताना समोरच्याच्या मागे कुठेतरी पाहण्याची सवय. मुंबईत तरुणपणी एका मोठ्या गायकवृंदात ते गात असत. चार निरनिराळे स्वर एकावर एक रचून गाण्याची ती पद्धत त्यांच्या अंगात भिनली होती, पण सिल्वासात त्यांच्या वाट्याला आली होती प्रार्थना आणि समूहगीतं. मला ते बरे वाटायचे. हे आधीच सांगितलं पाहिजे. परक्यानं केलेला घाव माणूस विसरतो.

दिना गेल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. माझा डबा तसाच उघडा पडला होता. ते म्हणाले, "बाई, आतल्या आत कुजवू नका. कुणाला तरी वाचून दाखवा." पत्र त्या दिवशी पर्समध्ये होतं. मी वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि शेवटच्या ओळीला त्यांचा श्वास अडकला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणाले, "एक दिवस माझ्याकडे ठेवू का?" दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत केलं, नव्या पाकिटात घालून. त्या पाकिटाचंही मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

वर्ष गेलं. पुढच्या दिवाळीनंतर सरांनी जाहीर केलं, की सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी मोठ्या मैदानात 'शतकंठी रणस्तवन' होणार. युद्धावरचं, पाच भागांचं, शंभर माणसांनी गायचं. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या. शंभर म्हणायचे, झाली बहात्तर माणसं. वरच्या स्वरांत अधिकाऱ्यांच्या बायका आणि मोठ्या मुली. खालच्या स्वरात आम्ही शिक्षिका आणि दवाखान्यातल्या नर्सबाया. पुरुषांतही तसेच दोन गट. त्यांतला अगदी तळाचा स्वर द्यायला सरांनी नरोलीच्या धाग्याच्या कारखान्यांतली माणसं आणली होती. धुळे-जळगावकडची, एकेका खोलीत सहा-सहा जण राहणारी, पहिली पाळी सुटली की अंगाला तेलाचा वास घेऊन थेट तालमीला येणारी. दिवसभर यंत्रांच्या गडगडाटात राहून त्यांचे कान जड झाले होते. सरांचा सूर त्यांना नीट ऐकू यायचा नाही. पण यंत्रांपाशी एकमेकांशी बोलायची त्यांची एक रीत होती: ओठ वाचायचे. मी उच्चार शिकवायला समोर उभी राहायचे तेव्हा ती चौदा-पंधरा माणसं माझ्या ओठांवर डोळे लावून असायची. त्यांचा म्होरक्या हिरामण. अमळनेरकडचा, रुंद हाडापेराचा, लाजाळू. त्याचा खर्ज लागला की बाकाच्या फळीला हात लावला तरी कळायचा.

खोटं कशाला बोलू, ते दिवस सुखाचे होते. संध्याकाळचं पिवळं ऊन शाळेच्या जाळीतून आत यायचं. बहात्तर माणसं एकदम श्वास घ्यायची, आणि त्या श्वासाचाच एक आवाज व्हायचा, गाण्याच्या आधीचा. वर्षभर मला कुणी हात लावला नव्हता, आणि इथे चारी बाजूंनी स्वर येऊन अंगाला लागत होते. पहिल्या भागात फौज निघते, दुसऱ्यात नदी ओलांडते, तिसऱ्यात लढाई. लढाईला सरांनी सुरंगीहून एक तारपा वाजवणारा आणला होता. त्या भोपळ्याच्या वाद्याचा घोगरा हुंकार उठला की पाठीवर काटा यायचा. घरी जाताना मी गुणगुणायचे. आई म्हणायची, "शालू, गळा आला परत तुझा."

डिसेंबरच्या मध्यावर चौथ्या भागाचे कागद वाटले. सायक्लोस्टाइलच्या शाईचा ओला वास. वर लिहिलं होतं, 'वीराचे पत्र'. खाली:

ताई, मजला भय ना शिवते,
रणभेरीने रक्त उसळते;
सांग माउलिस, पुत्र तुझा हा
हसत हसत मृत्यूला वरतो.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली. सर पेटीवर चाल दाखवत होते. चाल सुंदर होती, हेच तर. खालच्या स्वरांनी शब्द गायचे, वरच्यांनी फक्त आकार लावायचा. तालीम संपेपर्यंत मी तोंड हलवत राहिले. मग माणसं पांगल्यावर पेटीपाशी गेले.

"सर, हे दिनाचं पत्र आहे."

"त्याच्यावरून सुचलंय, हो. तुम्हाला आवडेल असं वाटलं. त्याला मानवंदनाच आहे ती."

"त्यानं लिहिलं होतं, भीती वाटते."

"बाई, पत्र वेगळं, काव्य वेगळं."

"त्यानं लिहिलं होतं, घरी यायचंय. तुम्ही त्याला हसत हसत मारलंत."

त्यांनी भाता मिटला. माझ्या मागे कुठेतरी पाहत म्हणाले, "भीती गाता येत नाही, बाई. एकट्या माणसाला येईल कदाचित. शंभर कंठांतून भीती कशी गायची? आणि समोर सगळे साहेबलोक बसणार. मला हे आयुष्यात एकदाच करायला मिळणार आहे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी खरेपणानं म्हटलं. म्हणूनच ते मला सहन झालं नाही. माझ्या भावाला मरायलासुद्धा एकदाच मिळालं होतं.

मी भांडले नाही. रडलेही नाही. घरी येऊन वालाच्या शेंगा सोलत बसले, आणि सोलता सोलता बोटांवर मात्रा मोजल्या. 'ताई, मजला भय ना शिवते', सोळा. 'ताई, मला भीती वाटते'. पुन्हा मोजल्या. सोळा. एक अक्षर हलवावं लागलं नाही. दिनाचं वाक्य त्यांच्या चालीत असं बसलं, जसं काही चाल त्याच्याचसाठी केली होती. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. इतका आनंद मला त्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा झाला, आणि तो चांगला आनंद नव्हता.

पुढच्या रविवारी शटल रिक्षानं दमणगंगा ओलांडून मी नरोलीला गेले. खोल्यांच्या रांगेपुढे बाजा टाकून माणसं उन्हाला बसली होती. हिरामण धुणं पिळत होता. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, आवाज चढवून, ओठ स्पष्ट हलवत. हिरामणनं ओले हात लेंग्याला पुसले, कागद घेतला, स्वतः एकदा पाहिला आणि म्हणाला, "ताई, हाई खरं शे. आम्ही हाईच गासूत." हेच खरं आहे, आम्ही हेच गाऊ. दुसरा एकजण म्हणाला, "सर मारतीन आमाले!" सगळे हसले.

पाच रविवार मी जात राहिले. आधी दोघी शिक्षिका सामील झाल्या, मग नर्सबाया. सोमवार ते शनिवार आम्ही सरांचे शब्द गायचो, अगदी निष्ठेनं. ते खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "खालचे स्वर काय लागलेत बाई! कुठून आणलंत हे?" मी म्हटलं, "तालमीतून, सर."

परवा समोरच्या कॉलनीत मुलांचं समूहगीत बसवत होते. भारी स्पीकर, तयार संगीत, मुलं नुसती हात हलवत होती. हे गाव आता माझ्या ओळखीचं राहिलेलं नाही. नरोलीच्या त्या बाजा गेल्या, शेतं गेली; पण ओळीत उभं राहून एकदम श्वास घेणारी माणसं दिसली की मी अजूनही आधी त्यांच्या पुढचा माणूस पाहते, हात वर केलेला. त्याची पाठ प्रेक्षकांकडे असते. त्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय, ते फक्त गाणाऱ्यांना दिसतं. मी हेच हेरलं होतं. एकदा सुरू झाल्यावर सरांना थांबता येणार नव्हतं. थांबले तर सगळ्यांच्या देखत त्यांचं काम मोडणार, नाही थांबले तर दिनाच्या शब्दांना त्यांना स्वतःच्या हातांनी ताल द्यावा लागणार. दोन्हींकडून ते माझ्या मुठीत होते. आणि मी त्यांच्या समोर, चार हातांवर, पहिल्या रांगेत उभी राहून त्यांचा चेहरा पाहणार होते. पाच आठवडे मी तो चेहरा मनात रंगवत होते.

सव्वीस जानेवारीला मैदानात मांडव उभा राहिला. पुढे सोफे, मग खुर्च्या, मागे सतरंज्या, आणि त्यांच्याही मागे खेड्यांतून आलेली माणसं, पोरं खांद्यावर घेऊन. सूर्य बुडायला आला होता. पोलिसांच्या बँडचा मोठा ढोल आणला होता. आम्ही फळ्यांच्या पायऱ्यांवर चढलो. हिरामण आणि मंडळी इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांत अवघडून उभी होती. पहिले दोन भाग उत्तम झाले. तिसऱ्या भागात तारपा घुमला आणि मागची पोरं उठून उभी राहिली.

तिसरा संपल्यावर निवेदकानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. म्हणाला, आपल्यात एक वीरमाता उपस्थित आहेत, त्यांचा सत्कार आपण करणार आहोत. आणि पुढच्या सोफ्यावरून, दोन साहेबांच्या मधून, माझी आई उठली.

आईचे गुडघे धरले होते. ती येणार नव्हती. सरांनी मला न सांगता जीप पाठवून तिला आणवली होती. तिच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. तिनं वर, आमच्याकडे पाहिलं, मला शोधलं, आणि ओळखीचं हसली. मग पुन्हा बसली, नारळ मांडीवर घेऊन.

सरांनी हात वर केले.

त्या वेळात बरंच काही करता आलं असतं. कमानीसारख्या वळलेल्या ओळीच्या दुसऱ्या टोकावरून हिरामणचे डोळे माझ्या ओठांवर होते, नेहमीच असायचे. मी नुसते ओठ हलवून 'नको' म्हटलं असतं, तर त्यानं वाचलं असतं आणि त्याच्यामागे सगळ्यांनी सरांचे शब्द गायले असते. मी आईकडे पाहिलं. मग सरांकडे. त्यांचा चेहरा उजळलेला होता, आईला आणवल्याच्या समाधानानं. आणि मला वाटलं, यांनी तिलाही वापरलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. हात खाली आले.

ताई, मला भीती वाटते.
कुजलेत पाय, बुटात पाणी.
आईला हे सांगु नको गं,
घरी यायचं, घरी यायचं.

सरांचा उजवा हात पहिल्या ओळीला अर्ध्यावर अडखळला. एवढंच. डावा चालू राहिला, मग उजवाही चालू लागला. मी त्यांच्या चेहऱ्यावर नजर रोवली होती. तिथे वेदना नव्हती, लाज नव्हती. त्यांचे ओठ हलत होते. ते मात्रा मोजत होते. दुसऱ्या ओळीला त्यांनी तळव्यानं ढोल बंद करवला. वरच्या बायकांचा आकार हळू केला. तिसऱ्या ओळीला, 'आईला हे सांगु नको गं', हिरामणचा खर्ज फळ्यांमधून माझ्या तळपायांत आला. चौथी ओळ संपली आणि सरांनी बोट फिरवलं: पुन्हा. कागदावर पुनरावृत्ती नव्हती. आम्ही पुन्हा गायलो. पुन्हा बोट फिरलं. घरी यायचं, घरी यायचं, तिसऱ्यांदा, इतकं हळू, की मागे कुणाचं तरी पोर बोललं ते ऐकू आलं. भीती गाता येत होती. आणि माझ्या सुडाला ते ताल देत होते, उत्तम ताल देत होते. त्या क्षणी मला ते जितके नकोसे झाले तितके कधीच झाले नव्हते.

पाचवा भाग झाला. टाळ्या थांबेनात. समोर निम्मे लोक गुजराती, बरेचसे हिंदी बोलणारे. चार स्वरांत गुंफलेलं मराठी मराठी माणसालाही कळणं कठीण. एका साहेबांनी सरांना हार घातला आणि म्हणाले, "वो चिट्ठीवाला पार्ट बहुत जोशीला था." कुणाला काही कळलं नव्हतं. कळलं ते फक्त आम्हा तीस माणसांना, सरांना आणि आईला.

जीपनं आम्हाला घरी सोडलं. सकाळी चहा ओतताना म्हणाली, "त्याचेच शब्द होते ते?"

"हो."

"पत्र आण."

मी साड्यांच्या तळातून काढून दिलं. तिनं चष्मा लावला. एकेक अक्षर जुळवत वाचत होती, चहावर साय धरली. वाचून झाल्यावर घडी घातली आणि म्हणाली, "आईला सांगू नको म्हणाला, म्हणून मला सांगितलं नाहीस. ठीक. मग गावाला सांगायला तुला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "सरांनी खोटं लिहिलं होतं म्हणून..."

"सरांचं मी विचारत नाही."

ते पत्र तिनं मला परत दिलं नाही. आठ दिवस आमच्या घरात भांड्यांचाच आवाज होता. शाळेत सर समोर आले की मी वाट बदलायचे. एकदा त्यांनी जिन्यात गाठलंच. म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं." मी म्हटलं, "मला माहीत आहे," आणि उतरून गेले. पुढे नव्वद-ब्याण्णवच्या सुमारास त्यांची दमणला बदली झाली, निरोपसमारंभ झाला, त्यालाही मी गेले नाही. शिपायानं पेढा आणून दिला, तो मी शाळेच्या कुंपणावरच्या कावळ्यांना घातला. याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते एका रविवारचं. त्या आठ दिवसांनंतरचा तो रविवार. सकाळी आई नेसून तयार. म्हणाली, "देवस्थळींना निरोप धाडला होता. मला ते परत ऐकायचंय. त्या दिवशी समोर एवढे लोक, काही धड कानात शिरलं नाही. ते म्हणाले, शाळेत या. नरोलीची माणसंही येणार आहेत." तिनं काठी घेतली. "बायकांत खालचा आवाज कमी पडेल म्हणाले. तू चल."

"मी नाही येणार. त्यांचं तोंड बघायचं नाही मला."

ती रिक्षात बसून गेली. मी खिडकी लावून घेतली, सूप पुढे ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले, निवडलेलेच पुन्हा निवडले. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. वारा तिकडचा नव्हता. काही ऐकू आलं नाही.

बाराच्या सुमाराला ती परतली. चेहरा धुतल्यासारखा. काठी कोपऱ्यात ठेवली, पाटावर टेकली. मी पाणी दिलं. ती सावकाश प्यायली.

"गायले?"

"गायले. वाद्यं काही नव्हती, नुसती माणसं. दोनदा गायले. तिसऱ्यांदा म्हणताना मध्येच सरांचे हात थांबले. तसेच वर. मग ते खालीच बसले, फरशीवर. रडले गं. लहान पोरासारखे, तोंड न झाकता."

मी पुढे सरकले. "किती वेळ?"

"बराच वेळ."

"सगळ्यांच्या देखत?"

"हो."

"काही बोलले? माझं नाव घेतलं?"

आईनं भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सूप हातात घेतलं.

"एवढं बघायचं होतं, शालू," ती म्हणाली, "तर यायचं होतंस."